बिब्ब्याची खूण

जयदेव परटाकडे दिलेला कपडा दुसऱ्याच्या अंगावर कधी दिसत नाही, अशी कॅम्पात त्याची ख्याती होती. ही काही लहान गोष्ट नव्हे. त्या दिवसांत परटाकडे धुवायला टाकलेला चांगला कोट एखाद्या लग्नाला जाऊन, दोन वेळा जेवून, पुन्हा धुऊन घरी यायचा, आणि मालकाला फक्त खिशातल्या सुपारीच्या चुऱ्यावरून संशय यायचा. गिऱ्हाइकं शिव्या द्यायची आणि पुन्हा त्याच परटाकडे कपडे टाकायची. अडल्यानडल्याला दुसऱ्याचा कपडा एक दिवस फिरवून आणायचा ही चाल आज्यापणज्यांपासूनची होती, आणि तिच्यात चोरी आहे असं परटाला कधी वाटलं नव्हतं. कपडा परत येतो ना? मग झालं.

जयदेव तेवढं करत नसे. लग्नसराईत त्याच्याकडे कोट मागायला आलेली माणसं हात हलवत परत जायची. "भगत माणूस आहे, सच्चा," असं सिंधी बायका एकमेकींना सांगायच्या. हे त्याच्या कानावर आलं की तो खाली मान घालून इस्त्रीत कोळसे भरू लागे.

फाळणीनंतर कल्याणच्या पुढच्या लष्करी बराकींत सिंधी लोक येऊन राहिले आणि त्या वस्तीला उल्हासनगर हे नवं नाव पडलं. लोक मात्र कॅम्पच म्हणत. तिथल्या एका बराकीच्या टोकाला जयदेवने दुकान मांडलं. कपडे वालधुनी नदीवर धुवायचे आणि दुकानात इस्त्री करायचे. दुकानाचं नाव 'नेव्ही लाँड्री'. पाटी रंगवणाऱ्याने नावाशेजारी तीन धुराड्यांचं जहाज काढलं. जयदेव पूर्वी ज्या जहाजावर नोकरीला होता त्याला धुराडी दोनच होती, पण त्याने पाटी तशीच टांगली. जहाजाबद्दल शक्यतो बोलायचंच नाही, असं त्याने ठरवलेलं होतं. मग पाटीवर नेव्ही कशाला, असं त्याची बायको पुतळाबाई विचारायची. माणूस ठसठसणारा दात जिभेने पुन्हापुन्हा चाचपतो, तसलं ते काहीतरी होतं.

ते जहाज म्हणजे क्रूझर. लढाऊ जहाजांत सगळ्यांत थोर नाही, सगळ्यांत धाकटीही नाही. घरात मधल्या भावाच्या वाट्याला जशी सगळी राबणूक येते तशी तिच्या वाट्याला आलेली. तिला कुणा इंग्रजी उमरावाचं नाव होतं. ते खालच्या मंडळींच्या तोंडात बसेना, म्हणून ती तिला 'मधली' म्हणत. खालची मंडळी म्हणजे गोव्याकडचे वाढपी, दोन-चार आचारी, आणि कपडे धुणारा जयदेव. बाकी सगळे गोरे. लढाई सुरू झाली तेव्हा 'मधली' सैनिकांनी भरलेल्या बोटींची राखण करत मुंबई ते एडन, एडन ते मोंबासा अशा खेपा घालत होती. कुठे शत्रू दिसला नाही, पण डोळ्याला डोळा नाही. उन्हाने डेक इतका तापे की डांबर पायाला चिकटे. वरचे गोरे समुद्राकडे बघत बसायचे आणि खाली बॉयलरच्या भिंतीला लागून असलेल्या कोंदट खोलीत जयदेव त्यांचे घामट कपडे उकळत बसायचा.

वर कोण तोफेवर आहे, कोण यंत्रावर, हे त्याला कळत नसे. त्याला माणसं कॉलरच्या आतल्या बाजूने माहीत. बिब्बा टोचून काडीने कॉलरला ठिपका द्यायचा, वर चुना लावायचा, की ती खूण कपडा फाटेपर्यंत जात नाही. हा दोन ठिपके आणि आडवी रेघ, तो तीन ठिपके त्रिकोणात. लिहिता न येणाऱ्या बापाने शिकवलेली विद्या होती ती, आणि साहेबाच्या जहाजावर तिच्यावाचून अडत होतं.

त्या जहाजावर जयदेवनेच जनूला नेलं. जनू बदलापूरचा, उल्हास नदीच्या काठच्या आगरी वाड्यातला. पावसाळ्यात भात, उरलेले महिने ठाण्याच्या खाडीवरच्या मिठागरात. दोघं एका नदीत पोहलेले. पुरात ओंडके धरायला जनू उडी टाकायचा तेव्हा काठावरच्या बायका ओरडायच्या. त्याचं सखूशी लग्न झालं आणि मिठागराला कंटाळून तो म्हणाला, "जयदू, मना बी ने त्या बोटीवर. मिठानं पाय फुटलं माझं." जयदेवने गोव्याच्या आंतोनला गळ घातली. आंतोन साहेबांच्या जेवणघरातला मुख्य वाढपी होता. त्याने जनूला ताटं धुवायला घेतलं आणि पुढे वाढायला उभं केलं. वाढप्याला जहाजाकडून पांढरा कोट मिळायचा, पितळी बटणांचा, उभ्या कॉलरचा. आंतोनला दोन होते, जनूला एकच. एक बटण जरी ढिलं झालं तरी जनूचा जीव वरखाली व्हायचा. त्याच्या कोटाला जयदेवने खूण दिली: एक ठिपका, खाली लाटेसारखी रेघ. "पोहणारा म्हणून," असं म्हणाला. जनू खूश झाला होता.

बेचाळीस सालच्या चैत्रात 'मधली' सिलोनच्या एका बंदरात नांगरून होती. आदल्या दिवशी एका आचाऱ्याला बाजारात जाऊन फोटो काढायचा होता, घरी पाठवायला. पितळी बटणांच्या कोटात. जनूचा कोट धुऊन वाळत होता. जयदेवने तो सिगारेटच्या डब्याच्या बदल्यात आचाऱ्याला दिला. संध्याकाळपर्यंत परत येतो म्हणाला होता, आला नाही. सकाळी न्याहारीच्या वेळी जनू धावत खाली आला.

"जयदू, कोट?"

"ओला हाय अजून. हा घे." आणि त्याने आंतोनचा जादा कोट जनूच्या अंगावर टाकला.

"आंतोन मारंल मना."

"त्याला काय ठावं पडतंय? दुपारपर्यंत तुझा देतो."

जनू कोटाची बटणं लावत जिना चढून गेला. थोड्या वेळाने जपानी विमानं आली.

बॉम्ब साहेबांच्या जेवणघराच्या मागच्या अंगाला पडला. आंतोन तिथेच होता. त्याचं काही सापडलं नाही. पाण्यात काहीजण उडाले, काहींनी उड्या मारल्या. आग विझल्यावर प्रेतं डेकवर मांडली. त्यांतल्या एकाचा चेहरा उरला नव्हता. अंगावर अर्धवट जळलेला पांढरा कोट होता, आणि कॉलर शाबूत होती. एका साहेबाने जयदेवला बोलावून घेतलं.

"किसका निशान है?"

जयदेव वाकला. कॉलरला दोन ठिपके आणि त्यांच्यामध्ये फुली. आंतोनची खूण. मग त्याची नजर पायांकडे गेली. पाय जळले नव्हते. टाचांना खोल भेगा होत्या, आणि मिठाने भरून येऊन पुन्हा चिरलेले पांढरट कंगोरे होते. असे पाय गोव्याच्या वाढप्याचे नसतात. जयदेवने ते पाय नदीवर, बांधावर, पुराच्या पाण्यात पाहिले होते.

"किसका?" साहेबाने पुन्हा विचारलं.

जनूचं नाव घेतलं तर पुढचा प्रश्न ठरलेला होता: मग आंतोनचा कोट त्याच्या अंगावर कसा? आणि त्याचा कोट कुठे आहे? बाजारात, फोटोत. साहेबाने विचारलं होतं ते खुणेबद्दल. जयदेवने खूण वाचली.

"आंतोन का, साब."

पाद्री आला. त्या देहावर क्रूस ठेवून प्रार्थना म्हटली गेली आणि जनू आंतोनच्या नावाने पाण्यात गेला. जनूच्या नावापुढे 'बेपत्ता' लिहिलं गेलं. दुसऱ्या दिवशी आचाऱ्याने कोट आणून दिला, नीट घडी घालून. एकही बटण ढिलं नव्हतं.

दुरुस्तीसाठी 'मधली' मुंबईच्या गोदीत आली तेव्हा जयदेव बदलापूरला गेला. कोट त्याने बरोबर नेला. सगळं सांगून टाकायचं असं गाडीत ठरवलं होतं. दारात जनूची आई मोतीबाई होती, आणि तिच्या मागे सखू, कपाळभर कुंकू लावून.

"सापडला नाय म्हंजे मेला नाय," मोतीबाई म्हणाली. "होय का नाय रं?"

आणि जयदेवच्या तोंडून निघून गेलं, "धुरात कुणाला काय दिसतंय, आत्या? बरेच जण पाण्यात पडले. जनू तर पोहणारा गडी."

हे वाक्य तो पुढे नऊ वर्षं ऐकत राहिला. मोतीबाईने ते गावभर सांगितलं. जपान्यांनी काहींना पाण्यातून उचलून नेलं, कैदी लढाई संपल्यावर सुटतात, सुटलेल्यांना घराची आठवण उशिरा होते, अशी त्या वाक्याला दरसाल नवी फांदी फुटत गेली. लढाई संपली. 'मधली'ने ब्रह्मदेशाच्या किनाऱ्यावर तोफा डागल्या, पुढे तिच्यावरचा झेंडा उतरला, गोरे गेले, जयदेवची नोकरी गेली, देश स्वतंत्र झाला. सखूचं कुंकू तसंच राहिलं. दर दसऱ्याच्या आधी ती कोट घेऊन बदलापूरहून कॅम्पात यायची. ठेवून ठेवून पिवळा पडतो, म्हणून धुऊन, खळ देऊन, इस्त्री करून न्यायची. तो आला तर घालायला तयार असावा. जयदेव पैसे घेत नसे. "भाऊ हाय तो माझा," असं ती पुतळाबाईला सांगायची. जयदेव तेव्हा काहीतरी निमित्त काढून मागच्या भट्टीकडे जायचा.

पन्नास साली 'मधली' मुंबईत मोडीत निघाली. जयदेवच्या शेजारच्या खूबचंदचा भंगाराचा धंदा होता. तो डेकच्या सागवानी फळ्या घेऊन आला.

"जयदेव साईं, तेरा जहाज आया है. देख, पहचान!"

"लकडी को क्या पहचानना?" जयदेव म्हणाला.

पण खूबचंदने हौसेने चार फळ्या त्याला भेट दिल्या आणि स्वतःच सुतार आणून इस्त्रीचं टेबल करवून घेतलं. नाही म्हणायला कारण सापडलं नाही. त्या टेबलावर पुढच्या दसऱ्याला सखूने कोट ठेवला. ज्या डेकवर जनूचा देह मांडला होता त्याची ती फळी होती की दुसऱ्या कुठल्या बाजूची, हे सांगता येण्यासारखं नव्हतं. त्याने टेबलावर जाड घोंगडी अंथरली होती.

त्या वर्षी सखू लगेच निघाली नाही. बाकावर बसली. पुतळाबाईने चहा दिला, तो तिने बशीत ओतून तसाच ठेवला.

"भाऊ, एक इचारायचं हाय."

"बोला वहिनी."

"अंबरनाथला काडेपेटीच्या कारखान्यात हरिचंद्र हाय ना, आमच्याच वाड्यातला. बायको गेली त्याची. त्यानं पाट लावायचं इचारलंय." ती बशीकडे बघत बोलत होती. "मना बी वाटतंय. चोरून कशाला सांगू? तीस वर्सांची झाले मी. पण सासू म्हणते, पोरगा जिता हाय. पंच म्हणतात, नवरा मेल्याचं कोणी डोळ्यानं पायलेलं सांगितल्याबिगर पाट नाय. बोटीवर गावातला तू एकलाच होतास."

जयदेवने इस्त्री उचलून ठेवली.

"आईतवारी गावदेवीसमोर पंच बसतात. तू ये. जे पायलंस ते सांग. जिता आसंल म्हणालास तरी चालंल. मी बसेन मग. पण एकदा काय ते बोल."

ती गेल्यावर पुतळाबाई म्हणाली, "जा की. त्यात काय एवढं? तिचं तरी मार्गी लागंल."

"जातो," जयदेव म्हणाला.

रविवारपर्यंत त्याने ते मनात किती तऱ्हांनी बोलून पाहिलं. मेला, मी पाहिला, एवढं सांगितलं की सखू मोकळी. पण पाहिलास तर नऊ वर्षं का बोलला नाहीस? आणि साहेबाने आंतोन म्हणून का लिहिलं? एक धागा ओढला की सगळी शिवण उसवणार होती. सखूच्या आयुष्यातली ही वर्षं कुणी खाल्ली हे तिला कळणार होतं, आणि ती भाऊ म्हणत होती. बरं, न सांगितलं तर ती बसून राहणार. तिने तसं तोंडाने सांगितलं होतं.

रविवारी सकाळी गावदेवीच्या देवळापुढे वडाच्या पारावर पंच बसले. जयदेव पारावर चढला नाही. परीट म्हणून तो पूर्वीपासून खालीच बसत आलेला. पंचांतला म्हातारा अण्णा तोंडाचा फटकळ होता.

"ये रं जयदू. कॅम्पात जाऊन सिंधी झालास का नाय अजून? पापड-बिपड आणलेस?"

माणसं हसली. हरिचंद्र लांब सायकल धरून उभा होता. मोतीबाई देवळाच्या खांबाला टेकून बसली होती, सखू तिच्या शेजारी.

"पायरीला हात लाव," अण्णा म्हणाला, "आन् बोल. जनूला तू मेलेला पायलास का?"

जयदेवने पायरीला हात लावला. दगड उन्हाने गरम झाला होता.

"पायला," तो म्हणाला.

"कसा?" अण्णाने विचारलं.

"वाढायच्या वेळंला बॉम्ब पडला. तो पाण्यात पडला. मी वरून बघत होतो. दोनदा हात वर आला. मग नाय आला."

हात वर आल्याचं का सांगितलं, ते त्याला स्वतःला कळलं नाही. आग, कोट, पाय, साहेब, पाद्री, यांतलं काहीच तोंडातून आलं नाही. त्यांच्या जागी पाणी आलं. पाणी सोपं होतं.

मोतीबाई रडली नाही. खांबाला धरून उठली. "आन् मना बोललास पोहणारा गडी हाय म्हणून?"

"आत्या..." जयदेव म्हणाला. "तुमच्या जिवाला धक्का बसंल म्हणून."

आणि तेव्हा त्याने कल्पनाही केली नव्हती असं घडलं. अण्णा पारावरून उतरला आणि त्याने जयदेवच्या खांद्यावर हात ठेवला. "बघा रं," तो माणसांना म्हणाला, "म्हातारीसाठी एवढी वर्सां पोटात ठेवलं यानं. आपल्या जातीतलं तरी कोण करंल?" माणसांनी माना डोलावल्या. एका बाईने डोळ्याला पदर लावला. मोतीबाईने जवळ येऊन, ज्याच्याशी ती एरवी शिवाशिव टाळून अंगणातूनच बोलायची, त्या जयदेवच्या तोंडावरून दोन्ही हात फिरवले आणि कडाकडा बोटं मोडली. "माझ्या जनूसारखाच तू," म्हणाली. आता मात्र ती रडत होती.

त्या हातांखाली तोंड तसंच धरून जयदेव उभा राहिला. लाज वाटणं म्हणजे काय हे आपल्याला आतापर्यंत माहीतच नव्हतं, असं त्याला वाटलं. त्याला पारावर बोलावलं गेलं. गूळपाणी दिलं गेलं. तो प्यायला.

सुतक झालं, बांगड्या उतरल्या. मार्गशीर्षात पाट लावायचं ठरलं. त्याआधी एका दुपारी सखू दुकानात आली. कपाळ मोकळं, हातात तोच कोट, फडक्यात बांधलेला.

"हा धुवायला नाय आणला," ती म्हणाली. "मेल्या माणसाचा कपडा परटाचा. तुझा मान हाय तो."

अशी रीतच होती. जयदेवच्या बापाने गावातल्या किती मेलेल्यांची धोतरं, सदरे असेच घेतले होते आणि पोरांना घातले होते. नाही म्हणणं म्हणजे अपमान. जयदेवने हात पुढे केले.

सखूने कोट सोडला नाही. दोघांच्या हातात तो तसाच राहिला.

"एक सांग, भाऊ. त्याला एकच कोट होता. मागल्या सुट्टीला आलता तर रडगाणंच होतं त्याचं, एकच हाय, फाटला तर काय करू. तू बोललास, वाढायच्या वेळंला गेला तो. हा कोट तर तू आणून दिलास मना. मंग पाण्यात गेला तो काय घालून?"

तिच्या आवाजात राग नव्हता. बाई घरातल्या एखाद्या वस्तूचा मेळ लावते तसं ती विचारत होती. नऊ वर्षं तो कोट तिच्या पेटीत होता. हा प्रश्न कधीतरी येणारच होता. बहुधा तो पूर्वीच आला असावा, आणि विचारायची वेळ तिने आता निवडली असावी.

"दुसरा होता," जयदेव म्हणाला.

"कोणाचा?"

मागे भट्टीवर पाणी उकळत होतं. जयदेवने तिच्याकडे पाहिलं, मग कोटाकडे.

सखूने कोट सोडला. "बरं," म्हणाली. फडकं झटकून, घडी घालून कमरेला खोचलं आणि पायरी उतरली. पूर्वी ती निघताना "येते, भाऊ" म्हणायची. त्या दिवशी ती पुतळाबाईला "येते" म्हणाली.

पाटाचं बोलावणं आलं ते पुतळाबाईच्या नावाने. जयदेव गेला नाही. बदलापूरची माणसं कॅम्पात आली की मात्र त्याला मुद्दाम भेटायची, चांगला माणूस म्हणून. सखू पुन्हा दुकानात आली नाही. हरिचंद्रबरोबर ती अंबरनाथला राहू लागली, तिला मुलगी झाली, एवढं कळलं.

कोट दुकानात खुंटीला राहिला. अंगात घालावा तर अंग धजेना, द्यावा तर कोणाला, टाकावा तर रीत नाही. त्याची पितळी बटणं येणाऱ्याजाणाऱ्याच्या डोळ्यांत भरायची. पुढच्या लग्नसराईत खूबचंद भाच्याला घेऊन आला.

"साईं, तेरा कायदा मुझे मालूम है," तो म्हणाला. "ग्राहक का कपडा तू नहीं देता. पर ये तो साल भर से लटका है. एक दिन के लिए लडके को दे दे. शाम को वापस."

"नहीं," जयदेव म्हणाला.

"क्यों? किसका है?"

जयदेवने कोट खुंटीवरून काढला. कॉलर उलटी करून पाहिली, जणू त्याला बघावंच लागणार होतं. एक ठिपका, खाली लाटेसारखी रेघ. काळी, कालच दिल्यासारखी. खूबचंद वाट बघत उभा होता. त्याचा भाचा नव्या चपला घालून उभा होता, हसऱ्या तोंडाचा.

"निशान मिट गया है," जयदेव म्हणाला. "पढा नहीं जाता."

आणि कोट पुन्हा खुंटीला लावून तो घोंगडीवर दुसऱ्या कुणाचा सदरा पसरू लागला.